मैफलीचे संकलन आणि संकलकाची सचोटी

(शास्त्रीय संगीताच्या मैफलींचे चित्रसंकलन करणाऱ्या एका संकलकाने संगीतरसिकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आपण मला बोलण्यास सांगितले खरे. परंतु माझा व्यवसायच मुळी न बोलण्याचा आहे. बंद खोलीत बसून दुसऱ्याचे गाणे ऐकावे आणि चार कॅमेऱ्यांनी टिपलेल्या दृश्यांपैकी कोणत्या क्षणी कोणते दाखवायचे ते ठरवावे, एवढेच माझे काम. ते यांत्रिक आहे असे आरंभी मलाही वाटे. एका ज्येष्ठ संवादिनीवादकांनी हा भ्रम दूर केला.

एका ख्यालगायनाच्या मैफलीत संवादिनीवर रोखलेला कॅमेरा काही मिनिटे बंद पडला होता. नेमके तेव्हाच गायक क्षणभर थांबले आणि संवादिनीने ती जागा सुरेख भरून काढली. त्या क्षणाचे जवळचे दृश्य माझ्यापाशी नव्हते. मी आधीच्या आवर्तनातील बोटांचे दृश्य उचलून तेथे बसवले. लय जुळली, दिसायलाही छान दिसले. चित्रफीत पाहून वादक एवढेच म्हणाले, "स्वर पंचमाचा आहे आणि बोट गंधारावर आहे. हे मी वाजवलेले नाही." त्यांच्या बोलण्यात रोष नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले.

आपली संगीतविद्या गुरुमुखातून चालत आली. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली गेले. त्यांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण आपल्याला उपलब्ध नाही. ते गाणे उरले ते शिष्यांच्या गळ्यात. आज लहानशा बैठकीतही चार कॅमेरे लागतात आणि गुरूपासून दूर राहणारा विद्यार्थी ती चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहतो. तबल्यावर बोट चाटेवर पडले की मैदानावर, हे तो डोळ्यांनी टिपतो. त्याला खोटे बोट दाखवणे म्हणजे चुकीचा पाठ देणे होय.

दृश्य आणि ध्वनी यांचा मेळ ही तर पहिली पायरी. मिक्सरवरून घेतलेला अखंड ध्वनी हा आधार. सर्व कॅमेरे त्याच्याशी जुळवायचे. येथे एक गंमत आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. रंगमंचापासून ३४ मीटरवर ठेवलेल्या कॅमेऱ्याला तबल्याचा बोल सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. दृश्य मात्र तत्काळ पोचते. कॅमेऱ्याने टिपलेला आवाज मूळ आवाजाशी जुळवला, तर दृश्य तेवढेच पुढे सरकते आणि हात बोलाच्या आधी पडतो. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर फरक अडीच चौकटींचा. विलंबितात हा फरक खपून जाईल; पण मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात तो जवळजवळ अर्ध्या मात्रेचा होतो! संगणक जुळवणी करून देतो; ती बरोबर आहे की नाही, हे तालाचा कान असलेल्यानेच तपासावे. शिवाय प्रत्येक कॅमेऱ्याचे घड्याळ किंचित निराळे चालते. म्हणून आरंभी जुळलेली चित्रफीत तासाभराने पुन्हा पाहावी लागते.

आता कात्री कोठे चालवायची? नवखा संकलक समेवर दृश्य बदलतो. मीही पूर्वी तेच करीत असे. परंतु सम ही येताना दिसली पाहिजे. अतिविलंबित एकतालाचे बारा मात्रांचे एक आवर्तन कधी मिनिटभर चालते. त्याच्या अखेरीस गायकाची मान वळते, तबलजी नजर वर करतो आणि दोघे एकत्र समेवर येतात. तबलजी सहसा गायकाच्या उजव्या हाताला बसतो, संवादिनी डाव्या हाताला. दोघांना एका चौकटीत घेणारे दृश्य समेच्या मात्रा-दोन मात्रा आधी आणावे आणि सम होऊन जाईपर्यंत हात आवरावा. आलापीत तर तीन-चार मिनिटे एकच दृश्य ठेवले तरी बिघडत नाही. संयोजक म्हणतात, "काहीतरी हालचाल दाखवा." हालचाल स्वरांत चालू असते, हे त्यांना समजावून सांगणे हा आमच्या कामाचा सर्वांत कठीण भाग!

श्रोत्यांच्या दृश्यांबाबतही तेच. पहिल्या रांगेतील मान्यवर मारव्याला दाद देताना दिसतात. ती मान प्रत्यक्षात मध्यंतरी चहा घेताना हललेली असते. असे मी करीत नाही. ज्या क्षणाची दाद, त्या क्षणालाच ती दाखवतो. तशी सापडली नाही, तर गायकच पडद्यावर राहतो.

संवादिनीची ती चित्रफीत मी पुन्हा संकलित केली. त्या जागी आता संपूर्ण रंगमंचाचे दूरचे दृश्य आहे. बोटे ओळखू येत नाहीत, हात तेवढा हलताना दिसतो. वादकांनी ती शांतपणे पाहिली आणि शिष्यांना दाखवण्यासाठी एक प्रत मागून घेतली.