गर्दीचा प्रवास आणि गुंतवणुकीचा हिशेब



९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्रा या स्थानकांच्या दरम्यान, ऐन वळणावर, परस्परविरुद्ध दिशांनी धावणाऱ्या दोन खच्चून भरलेल्या लोकल गाड्यांच्या दारांतील प्रवासी खाली कोसळले. त्यांतील किमान चौघांचे प्राण गेले. दुसऱ्या दिवशी तीच गाडी, तेच दार आणि तीच गर्दी होती. या प्रकाराला ‘मुंबईची जिद्द’ असे गोंडस नाव देण्याची वृत्तपत्रांना सवय जडली आहे. वास्तविक ही जिद्द नव्हे, निरुपाय आहे. डोंबिवलीच्या सदनिकेचे हप्ते फेडणाऱ्या गृहस्थाला आठ वाजून काही मिनिटांची गाडी चुकवणे परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

‘परवडणे’ हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या परिसरात सार्वजनिक वाहतुकीत पैसा घालायचा, तर तो कोणाला परवडणारा असावा? शासनाला, महापालिकेला, की तिकीट काढणाऱ्याला? आणि त्या पैशाची फळे कोणाच्या पदरात पडावीत? हे प्रश्न नवे नाहीत. या भूमीवर आगगाडी आली, त्याच दिवसापासून ते उभे आहेत.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यास पोहोचली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने, चौदा डबे आणि चौतीस किलोमीटरचे अंतर, हे वर्णन शाळकरी मुलांनाही पाठ असते. पुढील वर्षी, १८५४ मध्ये, लोहमार्ग कल्याणला भिडला. या कार्यामागे नाना शंकरशेट यांची दूरदृष्टी होती. १८४५ पासून नाना, जमशेटजी जीजीभाई आणि मुंबईतील अन्य धुरीण या कल्पनेचा पाठपुरावा करीत होते. स्वदेशी व्यापारी पुढे आले, ही अभिमानाची बाब आहे. परंतु पैसा कसा उभा राहिला, याची कथा क्वचितच सांगितली जाते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या कंपनीशी ईस्ट इंडिया कंपनीने १८४९ मध्ये करार केला. भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी देण्यात आली आणि जमीन फुकट मिळाली. गाडीला नफा होवो अथवा न होवो, लंडनमधील भागधारकाच्या घरी पाच टक्के पोहोचणारच. तूट आली तर ती भरून निघायची हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे येथील शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्यातून. खर्च आटोक्यात ठेवण्याची निकड कंपनीला का वाटावी? दादाभाई नौरोजींनी देशातून वाहून जाणाऱ्या संपत्तीचा जो हिशेब पुढे मांडला, त्यात रेल्वेच्या या व्याजालाही स्थान होते. या कंपनीचा कारभार सरकारकडे आला तो १९२५ मध्ये. जोखीम जनतेची आणि लाभ दुसऱ्याचा, असा हा पहिला धडा. आजही खासगी सहभागाचा प्रत्येक करार वाचताना तो स्मरणात असला पाहिजे.

दुसरा धडा खाडीपलीकडे, नवी मुंबईत आहे, आणि तो सुखद आहे. सिडकोने तेथील जमिनी संपादन केल्या, भूखंड पाडले आणि ते विकले. मानखुर्द-वाशी मार्ग १९९२ मध्ये खुला झाला तेव्हा त्याच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश, अर्थात ६७ टक्के, भार सिडकोने उचलला होता आणि उरलेला ३३ टक्के रेल्वेने. नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या ठाणे-वाशी मार्गामागेही हेच सूत्र होते. रेल्वे येणार म्हणून जमिनीचा भाव चढतो. चढलेल्या भावातील एक वाटा रेल्वेकडे परत जातो. ज्याच्या घामाची जमीन गेली त्या आगरी-कोळी भूमिपुत्राला न्याय मिळाला का, हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे. त्यासाठी १९८४ साली रक्त सांडले आहे. परंतु रेल्वेच्या अर्थकारणापुरते पाहिले तर हे सूत्र खणखणीत ठरले.

याच्याशी कल्याण-डोंबिवलीची तुलना करून पाहावी. महापालिका १ ऑक्टोबर १९८३ ची. २००२ मध्ये सत्तावीस गावे तिच्यातून बाहेर काढण्यात आली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत घेण्यात आली. या मधल्या काळात त्या गावांत इमारतींची जी रांग उभी राहिली, तिच्यातील प्रत्येक सदनिका ‘स्थानकापासून इतक्या मिनिटांवर’ या जाहिरातीवर विकली गेली. रेल्वेने निर्माण केलेले मूल्य विकले गेले, पण रेल्वेच्या तिजोरीत त्यातील छदाम आला नाही, परिवहनाच्या तिजोरीतही नाही. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात आणि ठाणे शहराची अठरा लाखांहून अधिक होती. त्यानंतर घोडबंदर मार्गावर आणि शिळफाट्याच्या बाजूस किती मजले चढले, हे उघड्या डोळ्यांना दिसते.

आता मेट्रो. १८ डिसेंबर २०१८ रोजी कल्याण येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची कोनशिला बसली. सुमारे पंचवीस किलोमीटरच्या या मार्गाचा तेव्हाचा अंदाज ८,४१६ कोटी रुपयांचा होता, म्हणजे किलोमीटरमागे साडेतीनशे कोटींच्या आसपास. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ठाणे शहराच्या २९ किलोमीटरच्या वर्तुळाकार मेट्रोस संमती दिली, ती सुमारे १२,२०० कोटींची. येथे किलोमीटरचा भाव चारशे वीस कोटींवर जातो आणि पूर्णत्वाचे लक्ष्य २०२९ आहे. केंद्र आणि राज्य यांचा समान वाटा व परदेशी वित्तसंस्थांचे कर्ज असा त्याचा ढाचा आहे. शिवाय स्थानकांना नाव देण्याचे हक्क विकून आणि लाभलेल्या जमिनीच्या मूल्यातून काही रक्कम उभी करण्याचा मानसही आहे. हा विचार योग्य दिशेचा आहे. (नानांचे नाव मुंबई सेंट्रल स्थानकास देण्याचा ठराव राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये केला. उद्या एखाद्या स्थानकावर नानांचे नाव आणि एखाद्या बिस्किटाच्या कंपनीचे नाव शेजारी शेजारी झळकले, तर नव्या पिढीने कोणाला पुण्यपुरुष समजावे?)

मेट्रो नको, असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. प्रश्न क्रमाचा आहे. एका चांगल्या वातानुकूलित विद्युत बसची किंमत सुमारे दीड कोटी धरली, तरी वर्तुळाकार मेट्रोच्या एका किलोमीटरच्या खर्चात पावणेतीनशेहून अधिक बसगाड्या येतात. ठाणे परिवहन सेवा १९८९ पासून आणि कल्याण-डोंबिवलीची परिवहन सेवा १९९९ पासून चालू आहे. दोहोंचा संसार दरवर्षी महापालिकेच्या अनुदानावर चालतो आणि अंदाजपत्रकात त्या अनुदानाकडे ‘तोटा’ म्हणून पाहिले जाते. रस्त्याचे डांबरीकरण मात्र कधी ‘तोटा’ ठरत नाही! मोटारवाल्यासाठी केलेला खर्च तो विकास आणि बसच्या रांगेतील गृहिणीसाठी केलेला खर्च तो बोजा, ही विचारपद्धती बदलल्यावाचून कोणतीही गुंतवणूक परवडणारी होणार नाही. पं. दीनदयाळ उपाध्यायांनी अंत्योदयाचा विचार सांगितला. दिवा स्थानकावर तीन गाड्या सोडून चौथीत पाय ठेवणारा प्रवासी हाच या परिसरातील शेवटचा माणूस होय.

बस घेण्यासाठी छोट्या महापालिकेला एकरकमी भांडवल लागतेच, असेही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने पंतप्रधान ई-बस सेवा योजना संमत केली. दहा हजार विद्युत बसगाड्या आणि वीस हजार कोटींचे केंद्रीय साहाय्य असे तिचे स्वरूप आहे. गाडी ठेकेदाराची, भाडे महापालिकेचे आणि ठेकेदाराला पैसे धावलेल्या किलोमीटरप्रमाणे. रचना आकर्षक आहे, परंतु तिच्यात एक मेख आहे. महापालिकेने देयके थकवली की ठेकेदार चालकांचे वेतन थकवतो, चालक संपावर जातात आणि थांब्यावर उन्हात उभा राहतो तो प्रवासी. म्हणून किलोमीटरचा पैसा वेगळ्या खात्यात बांधून ठेवण्याची अट कराराआधीच घातली पाहिजे. २००९ नंतर नेहरू पुनरुत्थान अभियानातून अनेक शहरांना बसगाड्या मिळाल्या. गाडी मिळाली, पण चालक, आगार आणि दुरुस्तीचा खर्च यांची तरतूद झाली नाही, तेथे त्या उभ्या उभ्या गंजल्या. गाडी विकत घेणे सोपे असते, चालवणे कठीण.

तो बांधून ठेवायचा पैसा कोठून यावा? ठाण्यात १ एप्रिल २०२२ पासून मालमत्तेच्या खरेदीवर मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार घेतला जातो. पन्नास लाखांच्या सदनिकेवर पन्नास हजार रुपये. हा भार घर घेणाऱ्या कुटुंबावर पडतो. मेट्रोच्या नुसत्या घोषणेने ज्याच्या मोकळ्या जमिनीचा भाव वाढला, तो तिच्यावर वर्षानुवर्षे स्वस्थ बसून राहतो. न्याय्य व्यवस्था अशी की स्थानकालगतच्या वाढीव चटईक्षेत्राचा अधिमूल्याचा एक ठरावीक हिस्सा आणि या अधिभाराचाही एक हिस्सा बससाठी राखला जावा. मेट्रोच्या स्थानकापर्यंत पोहोचवणारी बस नसेल तर मेट्रोचे डबेही रिकामे धावतील.

लोहमार्गावरची स्थिती अधिक बोलकी आहे. ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेची पायाभरणी २००८ ची, अपेक्षित पूर्णता २०१५ ची आणि लोकार्पण १८ फेब्रुवारी २०२२ चे. खर्च सुमारे ६२० कोटी. नऊ-साडेनऊ किलोमीटरच्या या कामामुळे मेल-एक्स्प्रेस गाड्या वेगळ्या झाल्या आणि ३६ नव्या उपनगरी फेऱ्यांस वाव मिळाला. किलोमीटरला सत्तर कोटींहून कमी! परंतु सात वर्षांच्या विलंबाची किंमत या ६२० कोटींत धरलेली नाही, ती प्रवाशांनी भरली. फलाट लांबवून बारा डब्यांच्या जागी पंधरा डब्यांची गाडी चालवली तर त्याच रुळांवर, त्याच वेळेत, चतुर्थांश अधिक माणसे जातात. मध्य रेल्वेवर पंधरा डब्यांची पहिली लोकल २०१२ मध्ये धावली. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत अशा फेऱ्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच वेगाने वाढल्या. दिवा-वसई मार्गही तयार आहे. डोंबिवली, भिवंडी आणि वसई यांना मुंबईत न शिरता जोडणाऱ्या या मार्गावर प्रवासी गाड्या मात्र मोजक्याच. अशा कामांना कोनशिला लागत नाही, कदाचित म्हणूनच ती रेंगाळत असावीत.

वातानुकूलित लोकलचा प्रश्नही याच हिशेबातला. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूर येथे प्रवासी रुळांवर उतरले, ते वातानुकूलित गाडीला विरोध म्हणून नव्हे. साध्या गाडीची फेरी काढून तेथे महाग गाडी घातली, ही त्यांची तक्रार होती. मुंब्र्याच्या दुर्घटनेनंतर बंद दारांच्या गाड्यांचा आग्रह धरला गेला, तो रास्तच आहे. पण दार बंद करण्याचे मूल्य मासिक पासावर चढले, तर कारकुनाला आणि कामगाराला ते दार बाहेरूनच बंद होईल.

भांडवल परदेशातूनच आणावे लागते, हा समज मात्र कोकण रेल्वेने खोटा ठरवला आहे. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले. केंद्राचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचे प्रत्येकी सहा टक्के, असे भागभांडवल जमले. उर्वरित मोठा भाग देशातच करमुक्त रोखे विकून उभा राहिला. इ. श्रीधरन यांनी काम तडीस नेले आणि १ मे १९९८ रोजी अटलबिहारी वाजपेयी यांनी ती रेल्वे राष्ट्रार्पण केली. व्याजाचा बोजा महामंडळाला दीर्घकाळ जड गेला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. रोखे म्हणजे कर्जच. त्याच सुमारास, १९९८ मध्ये, अहमदाबाद महापालिकेने राज्याच्या हमीवाचून शंभर कोटींचे रोखे बाजारात आणले आणि २०१७ मध्ये पुण्याने पाणीपुरवठ्यासाठी दोनशे कोटी उभे केले. बँकेच्या मुदत ठेवीत आयुष्याची पुंजी ठेवणारी कुटुंबे डोंबिवलीत आणि ठाण्याच्या नौपाड्यात थोडी नाहीत. स्वतःच्या गावच्या बसआगारासाठी निघालेला रोखा ती घेतील का? घेतील, पण त्याआधी ती महापालिकेचा लेखापरीक्षण अहवाल मागतील. पुण्याला आणि अहमदाबादला पतमापन करून घ्यावे लागले, हिशेब उघडे करावे लागले. कदाचित रोख्यांचा सर्वांत मोठा लाभ हाच असेल.

आणि खाडी? १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि दुर्गाडीच्या पायथ्याशी शिवछत्रपतींनी आरमाराचा पाया घातला. त्या काळी ज्या पाण्यावरून जहाजे गेली, ते २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाले. कोलशेत, काल्हेर आणि डोंबिवली येथे धक्क्यांची योजना आहे. जलमार्गाला रूळ लागत नाहीत, जमीन लागत नाही. लागतो तो गाळ काढण्याचा नियमित खर्च आणि धक्क्यावर उभी असलेली बस. मोठागाव-माणकोली पूल २०२४ च्या मे महिन्यात खुला झाला आणि डोंबिवली-ठाणे अंतर एकदम घटले. त्या पुलावरून सकाळच्या वेळी मोटारी किती जातात आणि बसगाड्या किती, एवढे मोजण्यास स्थानिक कार्यकर्त्यांना एक वही आणि दोन तास पुरेत. महापालिकेचे अंदाजपत्रक मार्चअखेरीस सभागृहात येते. ती वही त्यापूर्वी आपल्या प्रभागाच्या लोकप्रतिनिधीच्या हाती पडली पाहिजे.