संकेतस्थळांचा लहान कारखाना आणि त्यांतील माणसें



मावळांतील तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याशीं, तिकोणा पेठेंत माझें घर आहे. किल्ल्यावर चढलें म्हणजे समोर पवना धरणाचें पाणी पसरलेलें दिसतें. थंडीच्या दिवसांत शनिवारीं सायंकाळीं त्या पाण्याच्या कांठीं तंबूंचे दिवे लागतात. मुंबईपुण्याकडील कुटुंबें एका रात्रीपुरतीं येतात, शेकोटीशीं बसतात आणि सकाळीं पोहे खाऊन परततात. परंतु आमचें हें पाणी त्यांनीं प्रथम पाहिलेलें असतें तें येथें नव्हे, तर घरबसल्या मोबाईलच्या कांचेवर. तंबू कसा, जेवण कोणतें, दर काय, वाट कोणती, हें सर्व ज्या पानांवर दिसतें त्यांना संकेतस्थळ म्हणतात. तीं पानें रचणाऱ्या एका लहान कारखान्याविषयीं मी आज बोलणार आहें.

मालक त्याला ऑफिस म्हणतो. कारखाना हा शब्द माझा. पवनानगरच्या बाजारांत एका दुकानाच्या माडीवर दोन खोल्या आणि त्यांत मालक धरून आठ माणसें. मालक माझा जुना विद्यार्थी. गेल्या वर्षीं जूनच्या आरंभीं तो हिशेबाची वही घेऊन माझ्या ओटीवर आला आणि म्हणाला, "गुरुजी, तिघांना दिवाळीपर्यंत घरीं बसवावें म्हणतों."

त्याचीं कारणें खोटीं नव्हतीं. पाऊस लागला कीं तंबू गुंडाळले जातात आणि तंबूवाले बिलें थकवितात. शिवाय आतां कृत्रिम बुद्धिमत्तेचीं यंत्रें निघालीं आहेत. चार ओळींत मागणी सांगितली कीं तीं घटकाभरांत पान रचून देतात. मग सात जणांचा पगार माझ्या बिलांत कशाला, असें गिऱ्हाईक विचारतें. त्याला उत्तर काय द्यावें, हें ह्या बिचाऱ्याला सुचत नव्हतें.

वही तपासणें ही मास्तरांची जुनी खोड. मीं पाहिलें तों प्रत्येक संगणकाची किंमत आणि खरेदीचें वर्ष व्यवस्थित मांडलेलें. माणसांची मात्र एकच ओळ, 'पगार', आणि ती खर्चाच्या बाजूस. मीं त्याला म्हटलें, "अरे, पाठच्या कोऱ्या पानावर सात नांवें लिही. हें माणूस उद्यां आलें नाहीं तर काय बंद पडेल, तें प्रत्येकापुढें मांड."

पहिल्या नांवापुढें त्यानें भराभर लिहिलें. ती मुलगी तंबूवाल्यांशीं फोनवर बोलते. कोणाच्या भाऊबंदकींत जागा अडकली आहे, कोणाला मजकूर वाचून दाखवावा लागतो, कोणाकडे पैसे भाताच्या विक्रीनंतरच येतात, हें तिला ठाऊक. दुसरा मुलगा चित्रें हलकीं करतो. आमच्याकडे डोंगराच्या आड मोबाईलची लहर क्षीण असते, तेथें जड चित्र उघडतच नाहीं. तिसऱ्या नांवाशीं तो थांबला. त्या खुर्चीवर दोन वर्षांपूर्वीं दुसरा एक जण होता. त्यानें पंधराशें रुपयांची वाढ मागितली, ती नाकारली गेली, आणि तो निघून गेला. संकेतस्थळाचा पत्ता विकत मिळत नसतो. तो मुदतीच्या भाड्यानें असतो आणि मुदत संपण्यापूर्वीं पैसे भरावे लागतात. एका गिऱ्हाइकाचा पत्ता कोणत्या खात्यावर नोंदला होता, हें केवळ त्या गेलेल्या मुलाला माहीत. डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यांत, म्हणजे ऐन सुगींत, मुदत संपली आणि पान बंद पडलें. तें गिऱ्हाईक तर गेलेंच, त्याच्या मागोमाग त्याचे दोन सोयरेही गेले.

"पंधराशें रुपये फार महाग पडले, गुरुजी," तो म्हणाला. मीं कांहीं बोललों नाहीं.

मग मीं त्याला जावजी दादाजींची गोष्ट सांगितली. आपण आज निर्णयसागर हें नांव ऐकतों आणि सुबक देवनागरी छपाई डोळ्यांपुढें आणतों. जावजी १८३९ सालीं जन्मले. गरिबीमुळें लहानपणींच मुंबईंत अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टाइप घासण्याच्या कामावर लागले. १८६४ सालीं त्यांनीं टाइप ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ सालीं छापखाना. भट्टी, शिसें, यंत्र हें पैसे टाकून कोणालाही आणतां आलें असतें. पण पोलादाच्या टोंकावर अक्षर उलटें कोरावयाचें, त्याची वेलांटी आणि काना शेजारच्या अक्षराशीं जुळवावयाचा, तो ठसा तांब्यावर उमटवून सांचा करावयाचा, ही विद्या राणोजी रावजी आरू ह्यांच्या हातांत होती. जावजी मालक आणि राणोजी कारागीर. पण निर्णयसागरच्या टाइपाची हकीकत सांगतांना एकाचें नांव घेऊन दुसऱ्याचें गाळतां येत नाहीं. स्वतः टाइप घासलेल्या मालकाला कोरणाऱ्याच्या हाताची किंमत कोणी शिकवावी लागली नसेल, असें मला वाटतें.

यंत्राचें म्हणाल तर संगणकावरही अक्षरें आपोआप उगवलेलीं नाहींत. विंडोजवर वर्षानुवर्षें ज्या 'मंगल' नांवाच्या वळणांत आपण मराठी वाचलें, तें वळण रघुनाथ कृष्ण जोशी ह्या सुलेखनकाराचें. ते २००८ सालीं वारले. किती वाचकांना त्यांचें नांव माहीत आहे?

माझ्या विद्यार्थ्यानें पुढें काय केलें तें सांगतों. दुसऱ्या दिवशीं त्यानें सातही जणांपुढें वही उघडी ठेविली. हें धाडसच होतें. मालकाचा स्वतःचा आंकडाही तींत होता. चार महिने त्यानें आपला निम्मा पगार सोडला. दोघांनीं स्वतःच्या शेतांत भातलावणी होती म्हणून पंधरा दिवसांची बिनपगारी रजा आपण होऊन मागितली. फोनवरच्या मुलीनें तोडगा सुचविला कीं देखभालीचे पैसे हंगामांत एकरकमी न घेतां वर्षभर दरमहा थोडथोडे घ्यावे. नऊ गिऱ्हाइकांनीं तें मान्य केलें. यंत्राकडून कच्चें पान करून घ्यावें, पण दर, वाट आणि पाण्यांत उतरण्याचे धोके ह्यांचा मजकूर माणसानें तपासल्याखेरीज तें प्रसिद्ध करूं नये, असेंही ठरलें. कारण यंत्रानें एकदां तिकोण्याच्या पायथ्याशीं नसलेला रेल्वेचा फांटा नेऊन ठेविला होता!

सर्व गोड झालें असें नाहीं. चित्रें हलकीं करणारा मुलगा ऑगस्टमध्यें हिंजवडीस जास्त पगारावर गेला. ह्या वेळीं मालकानें त्याला अडविलें नाहीं, टोमणाही मारला नाहीं. त्याचा हिशेब त्याच दिवशीं चुकता केला आणि कामाचा स्वच्छ दाखला दिला. मुलानेंही जाण्यापूर्वीं आठ दिवस बसून सगळीं खातीं, मुदती आणि खुणा एका वहींत उतरवून ठेविल्या. हल्लीं कचेऱ्यांतून वाढदिवसाला केक कापण्याची रीत पडली आहे. केक मला वर्ज्य नाहीं. परंतु पगार पांच तारखेऐवजीं पंधरा तारखेला देऊन वर केक कापणारे मालक मीं पाहिले आहेत.

एका मोठ्या गिऱ्हाइकाचें बिल अद्याप थकलेलेंच आहे. गेल्या रविवारीं तो पुन्हां ओटीवर आला होता. ह्या खेपेस वही त्यानें आणली नव्हती. ती फोनवरच्या मुलीच्या काखेंत होती, आणि हिशेब तिनेंच मला समजावून सांगितला.