देव, दरबार आणि बंदर



 परिषदेच्या या अध्यक्षीय व्यासपीठावरून चीनविषयी बोलणे काहींना आडवळणाचे वाटेल. पण चीनची आणि आपली ओळख मुख्यतः यात्रेकरूंमार्फत झाली आणि ती तिथेच थांबली, ही माझी खंत आहे. चिनी बौद्ध भिक्षू ह्युएन त्संग पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला, एवढे आपण सगळे जाणतो. तो सरकारी मनाई मोडून सीमेपार निघाला होता, हे मात्र आपण सहसा सांगत नाही. 645 मध्ये तो परतला तेव्हा सम्राट तायत्सुंगने त्याला शिक्षा केली नाही, उलट पाहिलेल्या देशांची साद्यंत हकीकत लिहवून घेतली. भिक्षूला सूत्रे हवी होती, सम्राटाला पश्चिमेकडच्या राज्यांची माहिती हवी होती. आपल्या प्रांताच्या इतिहासाचे एक मोलाचे साधन या सौद्यातून निपजले.

आज मला एकच गोष्ट मांडायची आहे. शाही चीनमध्ये धर्म, शासन आणि व्यापार या तीन निरनिराळ्या गोष्टी नव्हत्या. शासनाने धर्माला मान्यता दिली, दाखले दिले, पदव्या दिल्या आणि या प्रत्येक गोष्टीचा हिशेब ठेवला. म्हणून तिथल्या धर्माचा इतिहास लिहिणाऱ्याने पोथीइतकीच वहीही वाचली पाहिजे.

धर्म आणि पैसा यांच्या या नात्याची सुरुवात आपल्याला अनोळखी नाही. नाशिकच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्याने 3000 कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले: मुद्दल मोडायचे नाही, व्याज तेवढे भिक्षूंसाठी खर्चायचे. अक्षयनीवीची ही रीत भिक्षूंच्या नियमांच्या विनयग्रंथांबरोबर चीनमध्ये पोचली आणि तिथे फोफावली. राजधानी चांगआनच्या ह्वातू विहारात ‘अक्षय भांडार’ चालत असे. भाविक पैसा आणि कापड आणून देत. त्यातून विहारांची डागडुजी होई, गरिबांना मदत मिळे, कर्जेही दिली जात. इतर विहारांच्या पाणचक्क्या होत्या, तेलघाणे होते, गहाणवटीचा धंदा होता. दरबाराच्या आवाक्याबाहेर एवढा पैसा साठलेला कोणत्या सम्राटाला रुचेल? आठव्या शतकाच्या आरंभी श्युआनत्सुंगने ते भांडार बंद केले आणि त्यातली मालमत्ता इतर देवस्थानांत वाटून टाकली.

त्यानंतर शतकाहून अधिक काळाने, 845 मध्ये, मोठा घाव बसला. वू-त्सुंग सम्राटाच्या फर्मानातच आकडे आहेत. 4600 हून अधिक विहार आणि 40,000 हून अधिक लहान देवस्थाने मोडली. 2,60,500 भिक्षू-भिक्षुणींना संसारात परत धाडले. विहारांचे 1,50,000 दास करदात्यांच्या यादीत घातले. नेस्टोरियन ख्रिस्ती आणि झरतुष्ट्री मिळून 3000 हून अधिक धर्मगुरूंचीही तीच गत झाली. मूर्तींचे तांबे टांकसाळीत गेले, लोखंडाची शेतीची अवजारे झाली. त्या तांब्याची नाणी आजही मिळतात. त्यांच्या मागच्या बाजूला टांकसाळीच्या गावाची खूण आहे. जपानी भिक्षू एन्निन त्या वेळी चांगआनमध्ये होता. त्यालाही चीवर उतरवून राजधानी सोडावी लागली, आणि त्याच्या रोजनिशीतून हा काळ आपल्याला आतून दिसतो.

हा धर्मद्वेष होता की खजिन्याची निकड? सम्राटाचा ताओ पंथाकडे ओढा होता आणि परक्या धर्मांवरचा त्याचा रागही खरा होता. पण भिक्षू कर देत नसे, वेठीला जात नसे आणि नाण्यांना तांबे पुरत नव्हते, हेही तितकेच खरे. दोन्ही कारणे एकाच फर्मानात शेजारी शेजारी आहेत. त्यातले एक खोडून दुसरे ठेवणे ही आपली सोय झाली, इतिहास नव्हे.

याच शासनाने दुसऱ्या हाताने भिक्षुपद विकलेही. 755 मध्ये सेनापती आन लू-शानचे बंड झाले, तेव्हा लष्करासाठी पैसा उभा करायला दीक्षेचे दाखले विकायला काढले. पुढे सुंग घराण्याच्या काळात ही विक्री नेहमीची झाली. दाखला घेणाऱ्याला वेठीतून सूट मिळे. म्हणून ज्याला मुंडण करायचेच नव्हते तोही तो विकत घेई. कोरे दाखले बाजारात हातोहात फिरत, त्यांचा भाव चढे-उतरे. 1090 मध्ये कवी सू शी हांगचौचा प्रशासक होता. गाळाने भरलेले पश्चिम सरोवर उपसायला त्याने दरबाराकडे असे 100 दाखले मागून घेतले आणि त्यांच्या पैशातून काम केले. त्या गाळाचा बांध आजही त्याच्या नावाने ओळखला जातो.

आता बंदराकडे वळू. च्वानचौ बंदरात 1087 मध्ये सागरी व्यापाराचे सरकारी कार्यालय सुरू झाले. येणाऱ्या मालातला ठरावीक हिस्सा सरकार घेई आणि काही मालाची खरेदी स्वतःच्या हाती ठेवी. त्यात अरबस्तानचा सुगंधी डिंकही होता. तो देवापुढे धूप म्हणून जळे, म्हणजे विहारातली पूजा समुद्रावरच्या व्यापाराला गिऱ्हाईक पुरवीत होती. वारा वेळेवर सुटावा म्हणून अधिकारी गावाबाहेरच्या च्युरी टेकडीवर जाऊन प्रार्थना करीत आणि तिथल्या खडकावर तशी नोंद कोरीत. मोसमी वाऱ्यावर जकातीचे उत्पन्न अवलंबून होते, त्यामुळे ही प्रार्थना सरकारी कामकाजाचाच भाग होती.

याच बंदरात 1281 चा एक तमिळ शिलालेख सापडला आहे. शिवाची प्रतिष्ठापना मंगोल खानाच्या कल्याणासाठी केल्याचे तो सांगतो, आणि त्यावरचा काळ आपल्या पंचांगातल्याच शकात, शके 1203 असा दिलेला आहे. त्याच सुमारास कुबलाई खानाच्या दरबाराने फूच्येन प्रांतातल्या कोळ्या-खलाशांची देवी माचू हिला ‘स्वर्गीय राणी’ची पदवी दिली. माणसांप्रमाणे देवांनाही बढती मिळे, आणि ती देणारा दरबार असे.

दरबाराचा हा व्यवहार समुद्रापारही चाले. चिनी सागरी मोहिमांचा दर्यासारंग झंग ह हा युन्नानच्या मुसलमान घराण्यातला. 1409 ची तारीख असलेली त्याची शिळा श्रीलंकेत गाल इथे सापडली, ती आज कोलंबोच्या संग्रहालयात आहे. चिनी मजकुरात बुद्धाला, तमिळ मजकुरात विष्णूच्या रूपाला, फारसी मजकुरात इस्लामी श्रद्धास्थानाला जवळजवळ सारखेच दान नोंदवले आहे. याला सर्वधर्मसमभाव म्हणायचा मोह होतो. पण त्याच मोहिमेत त्याने तिथल्या राज्यकर्त्याला कैद करून चीनला नेले, हे विसरू नये. बंदरात तिन्ही भाषांची गिऱ्हाइके होती आणि दरबाराला तिन्हींची मर्जी हवी होती.

आपल्याकडे सह्याद्रीतली लेणी आणि घाटमार्ग यांची सांगड दामोदर धर्मानंद कोसंबींनी घातली. पुढचे काम आपले आहे. माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, च्वानचौचा सागरी अधिकारी चाओ रू-क्वा याच्या 1225 च्या ग्रंथातला गुजरात, माळवा आणि मलबारविषयीचा भाग मूळ चिनीवरून सटीप मराठीत यावा. दुसरी, त्यासाठी अभिजात चिनी शिकणाऱ्या दोन तरुण संशोधकांना परिषदेने शिष्यवृत्ती द्यावी. ठरावाचा मसुदा मी कार्यकारिणीकडे दिला आहे. खुल्या अधिवेशनात त्याला विरोध झाला तरी चालेल. पण पैसे कुठून आणायचे हे विचारल्याशिवाय तो मंजूर करू नका. आजच्या विषयातून आपण निदान एवढे तरी शिकावे.