डेम्लो संख्या : एक ते नऊ आणि परत



आज आम्ही एकाच संख्येविषयी बोलणार आहोत. ती फळ्यावर लिहिली आहे : १२३४५६७८९८७६५४३२१. भरतीच्या पाण्याप्रमाणे ती एकापासून नवापर्यंत चढते आणि तशीच ओसरते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत अंकांची अठरा स्थाने सांगितली आहेत, शेवटचे परार्ध. आपली संख्या सतरा अंकी. परार्धाच्या एक पायरी खाली थांबणारी.

अशा संख्यांना डेम्लो हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. याच कोकणकिनाऱ्यावर, उत्तरेस डहाणूला, १९०५ साली त्यांचा जन्म झाला. १९३० ते १९६२ ते देवळालीस शाळामास्तर होते. डोंबिवली स्थानकाला पूर्वी डेम्लो म्हणत. तेथे कल्पना सुचली म्हणून नावही तेच.

आता या संख्येचे मर्म पाहू. नऊ वेळा एक लिहा आणि त्या १११११११११ ला तिनेच गुणा. गुणाकारात एकांच्या नऊ ओळी एकेक घर सरकत मांडल्या जातात. कडेच्या उभ्या रांगेत एक एकं, पुढच्या रांगेत दोन, मधल्या रांगेत नऊ. हातचा कोठेच येत नाही, म्हणून बेरीज आपोआप चढते आणि उतरते. मांडलेली एकं नऊ नवे एक्याऐंशी. तेव्हा अंकांची बेरीजही ८१. शिवाय १११११११११ ला नवाने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या अशा संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले.

आता दहा एकांचा वर्ग करा : १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रांगेत दहा एकं झाली, हातचा आला आणि चढणीवरचा आठ नाहीसा झाला!

हा नुसता अंकांचा खेळ, असे म्हणून पुष्कळांनी कापरेकरांचे काम बाजूस सारले. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले.

आक्षेपात तथ्य आहे. हा जिना संख्येचा नव्हे, दहांच्या लेखनपद्धतीचा. तीच संख्या बारांच्या पद्धतीने लिहिली तर जिना दिसणार नाही. पण तिचे मूळ अवयव कोणत्याही पद्धतीत तेच राहतात : ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. वस्त्र कोणते आणि अंग कोणते हे ओळखणे, हेच तर गणित! आणि ते ओळखायला आपल्याला भाग पाडले या खेळानेच.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना आमचे सांगणे एवढेच. मूल अंकांची गंमत दाखवू लागले तर त्याला अभ्यासाला पिटाळू नका. दोन प्रश्न विचारा : असे का होते, आणि कोठपर्यंत होते? गणिताला पाटी-पेन्सिलीइतके भांडवल पुरते. देवळालीच्या मास्तरांनी ते सिद्ध करून दाखविले आहे.