तंटा मिटला, असे केव्हा म्हणावे?

(वार्षिक पारितोषिक समारंभ, कागल येथे केलेले भाषण)



परीक्षेत उत्तम गुण मिळविणाऱ्यांचा गौरव आपले मंडळ दरवर्षी करते. यंदा घरातील वा आळीतील तंटा सामोपचाराने मिटविण्यास हातभार लावणाऱ्या विद्यार्थ्यासाठी एक नवे पारितोषिक ठेविले आहे. त्यामागील हकीकत सांगण्याची कामगिरी आम्हांवर आली आहे. ती आम्हां वडीलधाऱ्यांस फारशी भूषणावह नाही, हे आरंभीच कबूल करतो.

शांततेस बक्षीस ही कल्पना नवी नव्हे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील कै. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 15 ऑगस्ट 2007 रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती नेमावी, बांधाचे, वाटणीचे वाद व कायद्याने आपसांत मिटविण्यास मुभा असलेले फौजदारी तंटे गावातच तोडावेत, आणि कसोटीस उतरलेल्या गावास लोकसंख्येच्या मानाने 1 लाखापासून 10 लाख रुपयांपर्यंत पुरस्कार मिळावा, अशी ती योजना. कोर्टाच्या खेपांपायी ज्यांची जनावरे विकली गेली, त्यांना तिचे मोल ठाऊक आहे. परंतु बक्षीस आले की आकडा आला, आणि मग दुबळ्याने माघार घेतली तरी ‘मिटला’ म्हणून नोंद करण्याचा मोहही आला.

अशाच मोहात आम्हीही पडलो. गतवर्षी आपल्यातील एका विधवा भगिनीचा दिराशी जमिनीच्या वाटणीवरून वाद होता. आम्ही चौघे मध्यस्थीस बसलो आणि ‘घरची अब्रू चव्हाट्यावर नको’ म्हणून तिला तक्रार मागे घेण्यास राजी केले. कागद तयार झाला. ती सही करणार, तोच दहावीत शिकणाऱ्या तिच्या मुलीने विचारले, “आईने जमीन सोडली, काकांनी काय सोडले?” कोणापाशी उत्तर नव्हते. मुलीने दप्तरातून सातबाराचा उतारा काढला व वडिलांच्या नावापुढील क्षेत्र वाचून दाखविले. आवाज मुळीच चढविला नाही. आम्ही कागद बाजूस सारला. पुढे सरकारी मोजणी झाली, हद्दीचे दगड बसले, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या दोन्ही घरांनी मिळून ठरविल्या. पाळ्यांची वही ती मुलगीच ठेवते. चुलत्यांचा आमच्यापेक्षा त्या वहीवर अधिक विश्वास आहे!

पंचांचे न ऐकणाऱ्यास वाळीत टाकणे हा 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हा ठरला. 2017 पासून तो अमलात आहे व 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा त्यात आहेत. आम्ही कोणास वाळीत टाकले नव्हते. परंतु ‘समाज काय म्हणेल?’ हे शब्द त्या बैठकीत आमच्याच तोंडून निघाले होते.

कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू छत्रपतींनी मार्च 1920 मध्ये, तेव्हा कागल जहागिरीत असलेल्या माणगावच्या परिषदेत तरुण डॉ. आंबेडकरांचा जाहीर गौरव केला. ज्यांना बैठकीत जागाच नव्हती, त्यांच्यातील माणसास त्यांनी मानाची जागा दिली. आमच्या बैठकीत मात्र ती मुलगी दाराबाहेर उभी होती.

यापुढे या पारितोषिकाच्या अर्जावर दोन्ही पक्षांच्या सह्या लागतील, आणि त्याही तंटा मिटल्यावर सहा महिन्यांनी घेतल्या जातील. पहिल्या अर्जावर त्या भगिनीची सही आहे, तिच्या दिराचीही आहे. ते समोर तिसऱ्या रांगेत बसले आहेत. पुतणीच्या हाती पारितोषिक देण्यासाठी त्यांनीच व्यासपीठावर यावे, अशी आमची त्यांना विनंती आहे.