रोटाव्हेटर जुंपताना
(फैजपूर येथील समाजमेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने शेतीवर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली. १९३६ साली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन ज्या फैजपुरात झाले, तेथे शेतीविषयी मोठ्या गोष्टी बोलण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून एका अवजारापुरतेच बोलतो. ते अवजार म्हणजे रोटाव्हेटर.

वखर जुंपताना आपले वाडवडील जू, सापत्या, रुमणे सारे हात लावून पाहत. रोटाव्हेटर मात्र आपण पाच मिनिटांत अडकवतो आणि शेतात शिरतो. वास्तविक त्याला अर्धा तास द्यावयास हवा.

ट्रॅक्टर सपाट जागी मागे घ्यावा. प्रथम डावा हात जोडावा, मग उजवा. कारण उजव्याची उंची फिरवून जुळविता येते. शेवटी टॉपलिंक. यंत्र फार झुलणार नाही इतक्या बाजूच्या साखळ्या ताणाव्या. डावी-उजवी पातळी उजव्या हाताने साधावी, पुढची-मागची टॉपलिंकने. पीटीओचा शाफ्ट कामाच्या उंचीवर जवळजवळ आडवा असावा. तो फार वाकला की क्रॉस फुटतो. यंत्र वर उचलले असता शाफ्ट आखूड पडून निसटत नाही ना, किंवा लांब होऊन गिअरपेटीवर ठोकत नाही ना, हेही आधीच ताडून पाहावे.

आता शाफ्टावरील आवरणाविषयी. ग्रीस भरताना अडचण होते म्हणून ते मीच सालदाराकडून काढून टाकविले होते. केळीची बाग मोडल्यावर सोपटाचे धागे पात्यांना गुंडाळले, ते पाहण्यास मी यंत्र चालू असतानाच वाकलो. उपरण्याचे टोक शाफ्टाने धरले. सुदैवाने उपरणे जुने होते. ते फाटले आणि मी वाचलो. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. हात मागे घेण्याचा विचार मनात येण्यापूर्वीच काम संपलेले असते. यंत्रामागून काडीकचरा वेचणाऱ्या बायांच्या पदराचाही विचार करा. धागे कापावयाचे ते इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालून, विळ्याने.

चालविताना यंत्र किंचित उचलून पीटीओ जोडावा आणि ट्रॅक्टर चालू लागला की हळूहळू उतरवावे. बांधाशी वळताना उचलून घ्यावे, नाहीतर पाती वाकतात. मागची फळी खाली घेतली तर माती बारीक होते, वर ठेवली तर भरड राहते. आणि भरडच बरी!

या यंत्राचा जनक ऑस्ट्रेलियातील आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड. नांगरणीत जमीन दबते, ती दबू नये म्हणून त्याने १९१२ साली वडिलांच्या शेतावर फिरत्या पात्यांचे प्रयोग केले. त्याच यंत्राने आपण आज काळी जमीन दाबीत आहोत, ही मौजेची गोष्ट नव्हे. ओल जास्त असताना पाती खालची माती लिंपून काढतात. चार-पाच इंचांखाली थर बसतो, पाणी तुंबते, केळीची मुळे तेथेच अडतात. वरची माती पिठासारखी होते आणि पहिल्याच पावसात तिची पापडी धरते. मूठभर माती दाबून सोडावी. ती भुरभुरली तर वाफसा आहे, गोळा राहिला तर ट्रॅक्टर खळ्यात ठेवावा. एक पाळी पुरे. हरळी-लव्हाळ्याच्या शेतात तर घालूच नये. जितके तुकडे, तितकी नवी रोपे. तेथे उन्हाळ्यात खोल नांगरट करून काश्या वेचाव्या.

सभा संपल्यावर माझ्या खळ्यात यंत्र जोडून दाखविणार आहे. ट्रॅक्टर चालविणाऱ्या मुलांना अवश्य सोबत आणावे. उपरणी मात्र घरी ठेवून यावे.