निजायच्या खोलीतली प्रयोगशाळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी इटलीतल्या एका बाईंविषयी बोलणार आहे. नाव जिभेला जरा अवघड आहे, रिटा लेव्ही-मोंताल्चिनी. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा शास्त्रातले मी घरगुती भाषेतच सांगेन.

रिटाबाई १९०९ साली तूरिन शहरात एका ज्यू कुटुंबात जन्मल्या. वडील इंजिनिअर. मुलींनी फार शिकले की संसारात अडचण येते, असे त्यांचे मत. (म्हणजे हे मत काही आपल्याकडचेच नव्हे!) लहानपणी सांभाळणारी बाई कर्करोगाने गेली, तेव्हा रिटाबाईंनी डॉक्टर होण्याचे ठरवले आणि वडिलांना तसे सांगितले. त्यांना पटले नाही, पण त्यांनी अडवले नाही. तेवढेही पुष्कळ झाले. आठ महिन्यांत लॅटिन, ग्रीक, गणित तयार करून त्या परीक्षेला बसल्या आणि १९३६ साली डॉक्टर झाल्या.

१९३८ साली मुसोलिनीच्या सरकारने कायदा करून ज्यू लोकांना विद्यापीठांतून काढले. रिटाबाईंचे काम सुटले. मग १९४० साली त्यांनी आपल्या निजायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली. एक सूक्ष्मदर्शक यंत्र, कोंबडीची अंडी, आणि शिवणाच्या सुया घासून केलेली हत्यारे. त्यांचे गुरू प्रोफेसर लेव्ही यांनाही काढलेले. ते या खोलीत शिष्येच्या हाताखाली राबू लागले! शहरावर बाँब पडू लागले तेव्हा घरच्यांबरोबर त्या खेड्यात गेल्या. तिथे ‘माझ्या लेकरांना हवीत’ असे सांगून शेतकऱ्यांकडून अंडी आणायच्या. गर्भ काढून घेतला की उरलेले घरात खायला व्हायचे. युद्धाच्या दिवसांत अन्न कोण टाकणार? आपल्यातल्या शाकाहारी भगिनींनी क्षमा करावी.

आता हा सारा खटाटोप कशासाठी? गर्भाला पाय फुटू लागतो तेव्हाच तो कापला, तर त्या पायाकडे जाणाऱ्या मज्जापेशी पुढे कमी झालेल्या दिसतात. हे अमेरिकेत व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी आधी दाखवले होते. त्यांचे म्हणणे, त्या पेशी तयारच होत नाहीत. रिटाबाईंनी रोजच्या रोज गर्भ तपासले आणि त्यांना निराळे दिसले. आपण मटकी भिजवतो. मोड आलेच नाहीत ही एक गोष्ट, आणि मोड येऊन सुकले ही दुसरी. पेशी निपजतात, धागे सोडू लागतात, आणि पायाकडून मिळायचे ते न मिळाल्यामुळे मरतात, असा त्यांनी निष्कर्ष काढला. मला हा फरक फार मोठा वाटतो. जे जन्मलेच नाही त्याला काय करणार? पण सुकणाऱ्याला वाचवता येईल.

१९४३ साली जर्मन सैन्य आले तेव्हा त्या फ्लॉरेन्सला लपून राहिल्या. युद्ध संपल्यावर हॅम्बर्गरसाहेबांनीच त्यांना सेंट लुईस येथे बोलावले. ज्यांचे मत खोडले तेच बोलावतात, हा त्या गृहस्थांचा मोठेपणा. १९४७ साली थोड्या महिन्यांसाठी म्हणून गेल्या आणि तीसएक वर्षे तिथे काम केले.

त्यानंतर उंदरांच्या गाठींचे प्रयोग सुरू झाले. १९५२ साली तशा गाठी असलेले दोन उंदीर स्वतःजवळ जपून त्या विमानाने ब्राझीलला घेऊन गेल्या. काचेवर गाठीचा तुकडा ठेवला, त्याच्याजवळ, पण न चिकटवता, मज्जापेशींचा पुंजका ठेवला. काही तासांत पुंजक्याभोवती फुलबाजी पेटावी तसे धागे फुटले. याचा अर्थ, गाठीतून काहीतरी पाझरत होते. स्टॅनली कोहेन यांनी ते द्रव्य वेगळे काढले. गंमत म्हणजे ते सापाच्या विषात आणि उंदराच्या लाळेच्या ग्रंथीतही भरपूर सापडले. मज्जापेशींना वाढवणारे आणि जगवणारे द्रव्य ते हेच.

१९८६ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. रिटाबाई तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या. हॅम्बर्गर यांचे नाव त्यात नव्हते, याची मला रुखरुख वाटते.

त्यांनी लग्न केले नाही. जुळ्या बहिणीच्या सोबतीने १९९२ साली एक संस्था काढली आणि आफ्रिकेतल्या मुलींना शिकायला मदत केली. २०१२ साली, एकशेतीन वर्षांच्या होऊन त्या वारल्या. पुढे २०१७ साली त्याच द्रव्यापासून केलेल्या डोळ्यांच्या थेंबांना युरोपात परवानगी मिळाली. नसा दुखावल्यामुळे ज्यांच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखमा होतात, त्यांच्या डोळ्यांत ते घालतात.